पितळ भरलेल्या तड्यावर वेल्डिंग करण्यापूर्वी

पंपाच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) बॉडीला तडा गेला की जुने कारागीर गॅसच्या ज्योतीवर टाकणखार (धातूचा पृष्ठभाग स्वच्छ ठेवणारा क्षार) वापरून त्यात पितळ भरत असत, आणि चांगल्या हातची अशी दुरुस्ती वर्षानुवर्षे टिकत असे. अडचण येते ती त्याच जागी पुन्हा भेग पडल्यावर. आर्कचे, म्हणजे विजेच्या ठिणगीने वेल्डिंग करणारे, मशीन हाताशी असते, म्हणून जुन्या पितळावरूनच रॉड चालवला जातो. हे करू नये, असे माझे ठाम मत आहे.

पितळी रॉडमध्ये साधारण ६० टक्के तांबे आणि ४० टक्के जस्त असते. तो ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, तर बीड वितळण्यासाठी सुमारे ११५० अंशांच्या वर जावे लागते. जस्त मात्र ९०७ अंशांनाच उकळते. त्यामुळे आर्क लागताच जस्ताचा पांढरा धूर उसळतो आणि वेल्डमध्ये छिद्रे राहतात. पोलादी भागात तर वितळलेले तांबे धातूच्या कणांच्या सीमांमध्ये शिरून नव्या भेगाही पाडते. ग्राइंडर फिरवल्यावर वरून सांधा स्वच्छ दिसतो, म्हणून ही फसगत अधिक घातक ठरते. जस्ताचा तो धूर छातीत गेला तर काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. दुरुस्ती पितळाऐवजी चांदीच्या डागाने (चांदीमिश्रित धातूच्या जोडाने) केलेली असेल, तर जुन्या डागात कॅडमियम हा विषारी धातू असण्याची शक्यता असते, आणि त्याचा धूर जिवावर बेतू शकतो.

वेल्डिंगच करायचे असेल, तर पितळाचा पिवळा अंश दिसेनासा होईपर्यंत आणि त्याखालचे थोडे मूळ बीडही निघेपर्यंत घासावे. भेगेच्या दोन्ही टोकांना भोक पाडावे, निकेलच्या रॉडने इंचभराचेच टाके (वेल्डचे छोटे तुकडे) घालावेत, प्रत्येक टाका गरम असतानाच हातोडीने हलके ठोकावा आणि काम चुन्यात किंवा राखेत पुरून सावकाश निवू द्यावे.

तरीही पाण्याच्या पंपासाठी मी पुन्हा पितळच भरण्याचा सल्ला देईन. नवे पितळ जुन्या पितळाला सहज धरते. फक्त तेलाने माखलेला आणि काळा पडलेला थर आधी काढून टाकावा लागतो. इंजिनाच्या सायलेन्सरकडील तापणाऱ्या भागात मात्र पितळाचा जोर कमी पडतो, आणि तेथे जुना सांधा मुळापासून साफ करण्याची मेहनत घ्यावीच लागते.