लाल भोपळा: वाफवा, उकळू नका

मुंबईत लाल भोपळा अख्खा कोणी सहसा घेत नाही. भाजीवाला पाव किलोची फाक कापून देतो, त्यामुळे पारख करायची ती गराची. गर गर्द केशरी हवा. बीटा-कॅरोटीन त्या रंगातच असतं आणि त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, जे डोळ्यांना आणि प्रतिकारशक्तीला लागतं. फिकट गरात ते कमीच. बियांभोवतीचे धागे बुळबुळीत असतील किंवा प्लॅस्टिकच्या आत पाणी सुटलं असेल, तर ती फाक शिळी. कुजायला सुरुवात त्या धाग्यांपासूनच होते, म्हणून घरी आल्या आल्या चमच्याने ते खरवडून काढा, फाक कोरड्या फडक्याने पुसा आणि कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. तीन-चार दिवस टिकते. बाहेर ठेवलीत तर पावसाळ्यातल्या दमट हवेत दुसऱ्या दिवशीच चिकट होते.

100 ग्रॅम कच्च्या भोपळ्यात साधारण 26 कॅलरी, 340 मिलिग्रॅम पोटॅशियम आणि साडेसहा ग्रॅम कर्बोदकं असतात. गोड लागतो म्हणून मधुमेहींच्या ताटातून तो हद्दपार होतो, हे बरोबर नाही. एका मध्यम पोळीतच पंधरा ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. वाटीभर भाजी, गूळ न घालता, चालते. घारग्यांचा हिशेब मात्र वेगळा: गूळ, कणीक आणि वर तळण. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

सगळ्यात चांगलं भरीत. अर्धा किलो भोपळ्याच्या सालीसकट इंचभर फोडी चाळणीत ठेवून दहा-बारा मिनिटं वाफवा. सुरी सहज आत गेली की गॅस बंद. पाण्यात उकळल्या तर क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम पाण्यात उतरतं, आणि ते पाणी आपण ओतून देतो. कुकरच्या तीन शिट्ट्यांत तर लगदाच होतो. फोडी पूर्ण गार झाल्यावर साल काढून जाडसर कुस्करा, वाटीभर दही आणि दोन चमचे दाण्याचं कूट घाला. गरम असताना दही घातलं तर फुटतं. मीठ वाढण्याच्या वेळी, नाहीतर भरताला पाणी सुटतं. वरून दोन चमचे तेलाची मोहरी-जिरं-हिंग-मिरचीची फोडणी. ती केवळ चवीसाठी नाही: बीटा-कॅरोटीन स्निग्ध पदार्थाशिवाय नीट शोषलं जात नाही. 'तेल अजिबात नको' म्हणणाऱ्यांचं इथे नुकसान होतं.

बिया फेकू नका. धुऊन, उन्हात किंवा पंख्याखाली खडखडीत वाळवून, मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा. ओलसर राहिल्या तर डब्यात बुरशी येते. मॅग्नेशियम आणि झिंक भरपूर, पण कॅलरीही तशाच, म्हणून दिवसाला चमचा-दीड चमचा.

शिजवण्यापूर्वी गराचा बारीक तुकडा जिभेवर ठेवून बघा. भोपळा असो की दुधी, कडू लागला तर थुंकून टाका आणि पूर्ण फाक फेकून द्या. तो कडूपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्याचा असतो, शिजवून जात नाही आणि त्याने जोराच्या उलट्या-जुलाब होतात. कडू दुधीचा रस तर जिवावर बेतू शकतो.