आमची वाटचाल : ‘ते काय होतं?’ या प्रश्नापासून

आमचं घराणं मालवणजवळच्या देवबागचं, रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जगलेलं. किनाऱ्यावर उभं राहून, पाण्याचा रंग आणि सळसळ बघून बांगडा आलाय की तारली, हे बाबा सांगायचे. डॉल्फिन दाखवायला होडी सुरू केली ती याच नजरेच्या भरवशावर.

होडीत बसलेल्यांना डॉल्फिन तर हवेच असायचे, पण मध्येच काहीतरी काळं वर येऊन जायचं आणि पोरं विचारायची, ‘ते काय होतं?’ ‘मोठा मासा’ एवढंच सांगून पैसे घेणं मला पटेना. मग तांडेल (होडीचा प्रमुख) आणि खलाशी मिळून आम्ही शिकायला लागलो. आधी शेपूट बघायची. डॉल्फिनची आडवी असते, वरखाली हलते. माशाची उभी, डावी-उजवीकडे हलते. पाण्यावर दोन टोकं शेजारी-शेजारी येऊन बुडाली तर बहुधा वाघळीच्या, म्हणजे पंखांसारखे पर असलेल्या चपट्या माशाच्या, पंखांची. एकामागोमाग एकाच रेषेत सरकत असतील तर मुशी (शार्क) : पुढे पाठीवरचा पर, मागे शेपूट. खाडीच्या तोंडाशी उडी मारतो तो बहुतेक वेळा बोय मासा. लांब चोचीचा, पाण्यावरून सपकन घसरत जाणारा टोळ मासा.

व्हेल शार्क दिसला तर इंजिन न्यूट्रलला, पाठलाग नाही, हा आमच्याकडे पक्का नियम आहे. मासाच तो, जगातला सगळ्यात मोठा. 18 मीटरपर्यंत वाढतो आणि बारीक जीव गाळून खातो. पाठीवरच्या पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून फोटो डाव्या अंगाचा, कल्ल्यांच्या मागचा घ्यायचा. त्यावरून तोच मासा पुन्हा दिसला का, हे अभ्यासकांना कळतं. याहून मोलाचं काम आमच्या होडीने केलेलं नाही, असं मी मनापासून मानतो.

2001 पासून व्हेल शार्कला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. आता आजूबाजूचे मच्छीमार जाळ्यात अनोळखी काही आलं की फोटो आम्हाला पाठवतात. संरक्षित जीव असेल तर आम्ही लगेच कळवतो : जाळं कापा, सोडतानाचे फोटो ठेवा. फाटलेल्या जाळ्यासाठी वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडून 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. अर्ज भरायला आमच्या ऑफिसात या. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.