उंटावरून उतरायचे पैसे वेगळे : इजिप्तमधली बक्षीश आणि आमची सुट्या नोटांची पुडकी

गिझाला पिरॅमिडपाशी उंटावर चढायचे दोनशे इजिप्शियन पौंड ठरले होते. उतरायचं काही ठरलं नव्हतं. फेरी झाली, फोटो झाले, आणि उंटवाला शांतपणे म्हणाला, "बक्षीश." म्हणजे उंट खाली बसवायचे पैसे वेगळे. आमचे हे वर, मी खाली. आठ फुटांवर बसलेला माणूस काय घासाघीस करणार? पन्नास कबूल केले आणि दोनशेची नोट दिली. त्याने पन्नासाच्या तीन नोटा परत दिल्या.

मी सांगलीत एका बँकेत एकतीस वर्षं कॅश सांभाळली. दुसऱ्याने दिलेली नोट उलटून बघितल्याशिवाय पर्समध्ये टाकणं मला जमतच नाही. तीनपैकी एक नोट हाताला छोटी लागली. इंग्रजी बाजू वर केली तर ती पन्नास पियास्टरची, म्हणजे अर्ध्या पौंडाची! त्यांच्या नोटांची एक बाजू अरबी, एक इंग्रजी. देणारा अरबी बाजू वर धरून देतो, आणि त्यांचा पाच असतो आपल्या शून्यासारखा गोल, शून्य म्हणजे नुसता ठिपका. नवख्या माणसाला काय कळणार? मी ती नोट त्याच्यासमोर धरली आणि "पियास्टर" एवढंच म्हणाले. पत्त्यांत पकडल्यासारखा तो खळखळून हसला, नोट बदलून दिली, आणि वर "अमिताभ बच्चन!" असा आमचा सत्कार केला. इजिप्तमध्ये भारतीय दिसला की हे नाव हमखास ऐकू येतं.

फेब्रुवारी 2025 मध्ये आम्ही चौघे, म्हणजे आम्ही दोघं आणि भाऊजी-जाऊबाई, अकरा दिवस इजिप्तला जाऊन आलो. कैरो, लक्सर, तिथून क्रूझने अस्वान, अबू सिंबेल आणि परत कैरो. काय बघावं हे सांगणारे पुष्कळ आहेत. जायच्या आधी आम्हाला जे कुणी नीट सांगितलं नाही, ते म्हणजे हे बक्षीश प्रकरण, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

शब्द आपलाच आहे. फारसीतून तिकडेही गेला आणि इकडेही आला. आपल्याकडे तो शाळेच्या स्टेजवर गेला आणि बक्षीसपत्र होऊन रजिस्ट्रारच्या कचेरीत जाऊन बसला. तिकडे तो रस्त्यावरच राहिला. आमची पहिली चूक अशी, की बक्षीश म्हणजे टीप असं धरून चाललो. पुतणी न्यू जर्सीला असते, तिच्याकडे हॉटेलच्या बिलावर अठरा-वीस टक्के द्यायचे हे एकदा कळलं की हिशेब संपतो. इथे टक्का नाही, बिल नाही, कधीकधी कामही नाही. दार उघडलं, बोट दाखवून वाट सांगितली, स्वच्छतागृहात कागदाच्या दोन घड्या हातात दिल्या, की बक्षीश. याला जवळचा मराठी शब्द शोधायचा तर दिवाळीचं पोस्त. फक्त तिकडे ते रोज असतं, आणि दहा-वीस पौंडांचं असतं.

भाऊजी दोन दिवस "ही लाचच झाली की," म्हणून धुसफुसत होते. गाईडने त्यांना एका वाक्यात गप्प केलं. मार्च 2022 मध्ये डॉलरला सोळाच्या आत पौंड पडायचे, मार्च 2024 नंतर पन्नासच्या आसपास. पगार काही तिप्पट झाले नाहीत. आपल्या हिशेबाने आम्ही गेलो तेव्हा एक पौंड साधारण पावणेदोन रुपयांना पडत होता. म्हणजे दहाची नोट म्हणजे साडेसतरा रुपये. ज्यावरून आम्ही तोंड वाकडं करत होतो, त्यात सांगलीत धड एक वडापाव येतो.

तेव्हा अडचण पैशांची नाही, मोडीची आहे. एटीएममधून दोनशेच्या नोटा येतात. दोनशेची नोट घेऊन स्वच्छतागृहाबाहेर उभं राहा, मग बघा. "माफीश फक्का", म्हणजे सुटे नाहीत, हे तिकडचं राष्ट्रीय वाक्य असावं. फक्का म्हणजे मोड. हा शब्द विमानातच पाठ करून ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉटेलशेजारच्या बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलाला मोडक्या इंग्रजीत सांगितलं, मीही कॅशियर होते, मला फक्का हवाय. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, खालचा ड्रॉवर ओढला आणि दहाच्या कोऱ्या नोटांचं शंभरचं बंडल पुढे सरकवलं. वर पाचाच्या थोड्या आणि विसाच्या पन्नास. मी तिथेच मोजायला घेतल्या. हे लाजले, तो मुलगा मात्र खूश झाला. दहाची नोट 2022 पासून आणि विसाची त्याच्या पुढच्या वर्षापासून प्लॅस्टिकची निघाली आहे. कोऱ्या असल्या की एकमेकींना चिकटतात आणि एकाऐवजी दोन जातात. बोटाला पाणी लावून उपयोग नाही, किंचित वाकवून फर्रकन सोडायच्या. बँक जमली नाही तर मोठ्या सुपरमार्केटमध्ये पाण्याची बाटली घ्या आणि दोनशेची नोट तिथे मोडा. हॉटेलच्या रिसेप्शनवर सकाळी मागितली तर मिळते, रात्री नाही.

त्या दिवसापासून आमची पद्धत ठरली. उजव्या खिशात पाच-दहा, डाव्या खिशात विसाच्या, आणि मोठ्या नोटा माझ्या पर्समध्ये. लोकांसमोर पाकीट उघडायचं नाही. पाकिटातली शंभराची नोट दिसली की दहाची किंमत तिथेच संपते. रोज चौघांत मिळून दोनशे पौंड बक्षिशीचे म्हणून सकाळीच बाजूला काढायचे. ते संपेपर्यंत कुणी कुरकुर करायची नाही. एवढं ठरल्यावर भाऊजींचं ब्लडप्रेशरसुद्धा उतरलं.

लक्सरला, व्हॅली ऑफ द किंग्जमध्ये, म्हणजे जुन्या राजांच्या कबरींच्या दरीत, एका तिकिटावर तीन कबरी बघता येतात. तुतनखामुन, सेती पहिला आणि रामसेस पाचवा-सहावा यांची तिकिटं वेगळी. आम्ही रामसेस तिसऱ्याच्या कबरीत शिरलो. आत उतारावरून चालताना पांढऱ्या गलाबियातला, म्हणजे पायघोळ झग्यातला, एक राखणदार हलकेच बाजूला आला आणि बोटाने "या, या" करायला लागला. बाजूला छोट्या खोल्या आहेत, त्यातल्या एकीत दोन आंधळे वीणावादक रंगवलेत. त्याने खिशातून टॉर्च काढला आणि उजेड सरळ न टाकता भिंतीलगत तिरका धरला. मग बोटांच्या नखांपर्यंत सगळं उठून दिसलं. बोलला काही नाही. टॉर्च विझवला आणि अंगठा तर्जनीवर घासला, बास. मी विसाची नोट दिली. ती मला अजिबात जड गेली नाही, तिकिटाच्या पैशांत तो तिरका उजेड नव्हता.

पण हाच माणूस दोरी उचलून "आत या, फोटो काढा" म्हणाला असता तर नाही म्हणायचं. दुसऱ्या एका कबरीत एका जोडप्याने तसं केलं, मग वरच्या माणसाने येऊन दोघांना झापलं आणि राखणदार अंधारात नाहीसा झाला. मोबाईलने फोटो काढायला बहुतेक ठिकाणी पैसे लागत नाहीत, तेव्हा "मी परवानगी देतो" म्हणणाऱ्याला काही द्यायचं कारण नाही. आणि बऱ्याच स्थळांची तिकीट खिडकी आता फक्त कार्ड घेते. गंमत म्हणजे तिकिटाला रोख चालत नाही आणि बाकी कशालाच कार्ड चालत नाही.

क्रूझवर वेगळी रीत. लक्सरहून अस्वानला चार रात्री. वाटेत एस्नाच्या लॉकपाशी, म्हणजे बोटी वर-खाली घेणाऱ्या जलद्वारापाशी, बोट थांबते, तेव्हा खालच्या होड्यांतून फेरीवाले गलाबिया आणि चादरी पिशवीत घालून थेट डेकवर भिरकावतात. पसंत पडलं तर पैसे त्याच पिशवीत घालून खाली टाकायचे, नाही तर माल परत टाकायचा. जाऊबाईंनी एक टेबलक्लॉथ घेतला, तो धुतल्यावर रुमाल झाला. एडफूला घाटावरून देवळापर्यंत घोडागाडी. गाडीचे पैसे तिकडच्या गाईडमार्फत ठरवा, आणि गाडीवान "घोड्यासाठी" म्हणून वेगळे मागतो ते पन्नास परत घाटावर पोचल्यावर द्या, आधी नाही. आधी दिले तर परतीची गाडी शोधत फिरावं लागतं. आमच्या मागच्या बोटीतल्या लोकांना तसं फिरताना बघितलं.

शेवटच्या रात्री खोलीत पाकीट येतं. त्यात घातलेलं स्वयंपाकघरापासून इंजिनवाल्यांपर्यंत सगळ्यांत वाटलं जातं. आम्ही माणशी रोजचे पाच डॉलर धरून पौंडांत घातले. खोली आवरणारा मुलगा रोज टॉवेलचा हंस, मगर असं काहीबाही करून ठेवायचा, त्याला वेगळे दिले. ही सगळी रक्कम आधीच टूरवाल्याकडे भरून टाकता येते का हे विचारून घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच ग्रुप टूर ती डॉलरमध्ये आधी गोळा करतात. पण त्यात राखणदार, स्वच्छतागृहं आणि उंट येत नाहीत, हे लक्षात ठेवा.

अस्वानहून अबू सिंबेल पावणेतीनशे किलोमीटरच्या वर. पहाटे चारला निघालो. अस्वानच्या मोठ्या धरणाखाली जाणारं हे देऊळ 1964 ते 1968 मध्ये तुकडे करून उचलून वर नेलं, हे वाचलेलं असतं. तरी समोर रामसेसचे ते चार पुतळे बघताना सांधा शोधून सापडत नाही. दारावरच्या माणसाच्या हातात देवळाची किल्ली असते, अन्खच्या, म्हणजे प्राचीन इजिप्तमधल्या जीवनचिन्हाच्या आकाराची, वीतभर लांब. तो ती तुमच्या हातात देतो आणि फोटोला उभा करतो. दहा पौंड. यांनी तीन वेळा फोटो काढून घेतला, तीस पौंड.

आता खरी गोची सांगते. लक्सरला टॅक्सीतून उतरताना ठरलेले पैसे पुढे केले, तर ड्रायव्हर छातीवर हात ठेवून म्हणाला, "खल्ली." म्हणजे राहू द्या. हे भाबडे, भारावले, "शुक्रान, शुक्रान" (धन्यवाद, धन्यवाद) करत पैसे परत खिशात घालून चालायला लागले! ड्रायव्हर गाडीतून उतरून मागे आला. तोही ओशाळला, आम्हीही. "खल्ली" हे आपल्या "राहू द्या हो, कशाला"सारखं आहे. दोनदा-तीनदा आग्रह करून द्यायचंच असतं. आपण मराठी माणसं पाहुण्याकडे तिसऱ्या पोळीला जे करतो तेच.

आणि खरा नकारही बघितला. लक्सरला नाईलच्या दोन्ही काठांमध्ये स्थानिक लोकांची फेरीबोट असते. उतरताना फळी हलत होती. एका म्हाताऱ्या गृहस्थाने जाऊबाईंची पिशवी घेतली, दुसऱ्या हाताने त्यांना धरून काठावर आणलं. भाऊजींनी, सगळ्यांत चिडका माणूस, स्वतःहून वीस काढले. त्या गृहस्थांनीही हात छातीवर ठेवला, मान हलवली, आणि वळून चालायला लागले. चालायला लागले, हा फरक. बक्षीश हवी असलेला माणूस कधीच आधी चालायला लागत नाही.

जेवणाचं थोडक्यात. शाकाहाऱ्यांनी कोशारी शोधावी. भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वर तळलेला कांदा आणि तिखट टोमॅटो, पोट भरतं. बसून जेवायच्या हॉटेलांत बिलात 12 टक्के सेवाशुल्क आणि 14 टक्के कर लागतो, म्हणून मेनूवरचा आकडा बघून ऑर्डर देऊ नका. सेवाशुल्क दिलं तरी वेटरच्या हातावर पाच-दहा टक्के वेगळे ठेवतात. आम्ही चांगलं वाढलं तिथे ठेवले, नाही तिथे नाही, आणि कुणी भांडलं नाही.

बाकी आमचे दर असे होते : स्वच्छतागृह पाच-दहा, बॅगा उचलणारा खोलीपर्यंत वीस ते पन्नास, खोली आवरणाऱ्याला रोज वीस, दिवसभराच्या ड्रायव्हरला चौघांत दीडशे, गाईडला शेवटच्या दिवशी चौघांकडून मिळून डॉलरच्या नोटा. नाणी कुणाला देऊ नका. परकी नाणी तिथली बँक घेत नाही, म्हणून लोक मूठभर युरोची नाणी घेऊन प्रवाशांकडेच नोट मागत फिरतात. न मागता कुणी बॅग उचलली, वाट दाखवायला पुढे चालू लागला, तर पहिल्याच पावलाला "ला, शुक्रान", म्हणजे नको, धन्यवाद, म्हणा. दहा पावलं गेल्यावर म्हटलं तर भांडण, शंभर पावलांवर म्हटलं तर अन्याय.

एक वाक्य मात्र शेवटपर्यंत चकवत राहिलं. "कुल सना वेन्ता तय्यिब", म्हणजे दर वर्षी असेच सुखी राहा. सणावाराला देतात ती ही शुभेच्छा. पण लिफ्टवाला, दरवान, बॅगवाला हेच वाक्य जरा रेंगाळत म्हणाला, की तो बक्षिशीचा सभ्य इशारा असतो. आणि आम्ही गेलो तेव्हा रमजान तोंडावर आलेला, दुकानादुकानांत कंदील टांगलेले. तेव्हा कोण शुभेच्छा देतंय आणि कोण मागतंय, कळायला मार्ग नव्हता. यांनी सोपा नियम केला, ऐकलं की दहा काढायचे.

कैरो विमानतळावर उरलेल्या पौंडांचे खजूर घेतले, ते इकडे कोण बदलून देणार? चेक-इनच्या काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट परत दिले आणि हसून म्हणाली, "कुल सना वेन्तू तय्यिबीन." यांचा हात आपोआप उजव्या खिशात गेला आणि शेवटची दहाची नोट काउंटरवर आली. ती मुलगी आधी गोंधळली, मग शेजारच्या मुलीला काहीतरी सांगून दोघी खुदखुदल्या. "ला, ला," तिने नोट परत सरकवली, "रमदान!"