जुनी गाडी मधूनच मिसिंग करते तेव्हा

पेट्रोल गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली की एक तक्रार हमखास येते. मधूनच इंजिन मिसिंग करतं, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, झटके देतं, आणि गॅरेजमध्ये नेली की अगदी नीट चालते. मग अंदाजाने प्लग बदलतात, पुढच्या खेपेला वायर, नंतर कॉईल (प्लगसाठी व्होल्टेज वाढवणारी), शेवटी इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) साफ करून घेतात. पैसे जातात आणि मिसिंग राहतं. अशा बिघाडात पार्टला हात लावण्याआधी तो कधी येतो हे पक्कं करायचं, आणि मग तशीच परिस्थिती मुद्दाम तयार करून तो हवा तेव्हा आणायचा. मिसिंग आणता आलं नाही, तर ते खरंच गेलं की नाही हेही कळणार नाही.

गाडीत एक छोटी वही ठेवा. मिसिंग आलं की इंजिन गार होतं की गरम, गाडी उभी होती की चढावर, पाऊस होता का, टाकीत पेट्रोल किती होतं, एसी चालू होता का, गाडी सीएनजीवर होती की पेट्रोलवर, एवढं लिहायचं. चालवताना लिहू नका, शेजारी बसलेल्याला लिहायला सांगा. आठवड्यात बहुतेक वेळा एक धागा दिसू लागतो.

फक्त चढावर, जास्त ॲक्सिलरेटर दिल्यावर मिसिंग येत असेल तर पहिला संशय इग्निशनवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या प्लग, वायर आणि कॉईलवर. मुंबईहून नाशिकला परतताना कसारा घाटात किंवा नांदुरीहून सप्तशृंगी गड चढताना सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल जास्त भरतं, दाब वाढतो, आणि त्या दाबात प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लग झिजून फट वाढली असेल तर आणखी जास्त. तेवढ्या व्होल्टेजला वायरच्या चिरलेल्या रबरातून बॉडीकडे जाणं सोपं पडतं. सपाट रस्त्यावर, उदाहरणार्थ नाशिकच्या गंगापूर रोडला, हीच गाडी सुरळीत चालते. तपासायला मोकळा चढ पाहून एक गिअर वरचा ठेवा, वेग कमी असताना ॲक्सिलरेटर दाबा. ठिणगी कमजोर असेल तर तिथेच झटके येतील.

सीएनजीवर मिसिंग आणि पेट्रोलवर नाही, हीसुद्धा इग्निशनचीच खूण, कारण सीएनजी पेटायला ठिणगी जास्त जोरदार लागते. मात्र बरीच वर्षं सीएनजीवर चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्हच्या सीट झिजून टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली, फट कमी होते. मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला मिसिंग येतं. अशा गाडीला नवे प्लग लावून काही होत नाही. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन टॅपेट बघावे लागतात.

इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात येणारं मिसिंग शोधायला सगळ्यात सोपं. रात्री अंधारात बोनेट उघडा, इंजिन चालू ठेवा आणि बारीक फवाऱ्याच्या बाटलीने वायर, कॉईल आणि डिस्ट्रिब्युटरच्या (जुन्या गाड्यांत प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणारा भाग) कॅपवर पाणी मारा. गळती असेल तिथे निळी ठिणगी नाचताना दिसते, टक्टक् आवाजही येतो. हात आणि सैल कपडे लांब ठेवा, तिथे वीस हजारांच्या वर व्होल्टेज असतं. पेसमेकर असलेल्यांनी जवळ उभं राहू नये. डिस्ट्रिब्युटर असलेल्या गाडीत कॅप काढून आतून बघा. टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी, मधला झिजलेला कार्बन, किंवा पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली तर कॅप आणि आत फिरणारा रोटर दोन्ही बदला. ती रेघ पुसून जात नाही.

वायर काढताना कुठली कुठे होती ते टेप लावून लिहा. मारुती ८०० चा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-२, चार सिलिंडरच्या बहुतेक छोट्या गाड्यांचा १-३-४-२. नव्या वायर एकमेकींना चिकटवून बांधू नका, एकीचा करंट दुसरीत उतरू शकतो.

गरम झाल्यावरच येणारं मिसिंग कॉईल, इग्निशन मॉड्यूल (कॉईल चालू-बंद करणारं) किंवा क्रँक सेन्सरकडे (इंजिनचं फिरणं मोजणारा) बोट दाखवतं. आरपीएमचा काटा क्षणभर शून्यावर पडून परत आला तर क्रँक सेन्सर आणि त्याचं कनेक्टर आधी. मल्टिमीटरने कॉईल बरोबर दाखवली म्हणून तिला सोडू नका. मीटर काही व्होल्टवर मोजतो, कॉईलचं इन्सुलेशन फुटतं ते हजारो व्होल्टला. त्यापेक्षा अदलाबदल खात्रीची. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉईल असेल तर दोन आणि तीनची बदलून बघा. मिसिंग कॉईलबरोबर सरकलं तर कॉईल गेली, जागेवर राहिलं तर प्लग किंवा इंजेक्टर. एका वेळी एकच गोष्ट हलवा.

मिसिंग चालू असताना कुठला सिलिंडर ते शोधायचं तर एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढा. ज्याचं काढल्यावर आयडलिंगमध्ये फरक पडत नाही तो सिलिंडर मुळातच काम करत नाही. चालू इंजिनवर प्लगची वायर उपटण्याची पद्धत सोडा. शॉक तर बसतोच, शिवाय मोकळी राहिलेली कॉईल जळू शकते आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो वितळू शकतो. साधारण २०१३ नंतरच्या गाडीत स्कॅनर लावला तर बिघाडाचा कोड मिळतो: पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ दुसरा, पी०३०० म्हणजे कुठलाही ठरावीक नाही. कोड खोडण्याआधी त्याच्याबरोबर साठवलेला आरपीएम, तापमान आणि लोड लिहून घ्या, वहीतली अर्धी माहिती तिथेच मिळते.

प्लग काढले की वाचा. फिकट तपकिरी ठीक. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमी, ओला तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय, पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी. एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ, सकाळी पहिला मिनिटभर मिसिंग आणि कूलंट हळूहळू कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासा. प्लगची फट कार्बोरेटरच्या गाड्यांत साधारण ०.७ ते ०.८ मिमी, बऱ्याच एमपीएफआयमध्ये (इंजेक्टरच्या गाड्यांत) १.० ते १.१. तुमच्या गाडीचं मॅन्युअल सांगेल तेच खरं. वॉशर असलेला नवा प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवा, मग पान्याने अर्धी फेरी. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये जास्त आवळला तर आटे जातात.

आयडलिंगला मिसिंग आणि रेस दिली की गायब, तर व्हॅक्यूम गळती, म्हणजे इंजिन कुठून तरी जादा हवा ओढतंय. ब्रेक बूस्टरचा पाइप आणि मॅनिफोल्डच्या जोडांवर पाणी फवारा, आवाज बदलला तिथे गळती. उलट, जास्त वेगाला इंजिन दम तोडतं तेव्हा पेट्रोलचा फिल्टर आणि पंप. बऱ्याच एमपीएफआय गाड्यांत पेट्रोलचा दाब ३ बारच्या आसपास असतो आणि तो उभ्या गाडीत मोजून उपयोग नाही, लोडखाली पडतो का ते बघायचं. सध्याच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुन्या टाकीतला राळेसारखा थर सुटून फिल्टर लवकर तुंबतो. काचेच्या बरणीत थोडं पेट्रोल काढून तासभर ठेवा, तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी शिरलंय.

एवढं करूनही धागा लागत नसेल तर अर्थिंग. इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवून बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंत व्होल्टेज मोजा, ०.१ व्होल्टच्या आत हवं. जास्त असेल तर दोन्ही टोकं घासून घ्या. सोसायटीच्या पार्किंगमधल्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेली वायरही इथेच सापडते. गाडी हलली की तिचा संपर्क तुटतो, उभी राहिली की जुळतो. इंजिन चालू ठेवून वायरिंग हळू हलवून बघा, पण पंखा आणि बेल्टपासून हात लांब.

पार्ट बदलल्यावर मिसिंग गेलं तर एकदा जुना पार्ट परत लावून त्याच चढावर जा. ते परत आलं तरच तो पार्ट दोषी. नाही आलं तर बहुधा कनेक्टर काढ-घाल करताना साफ झालंय. तेव्हा नवा पार्ट परत करा आणि त्या कनेक्टरच्या पिना नीट करून घ्या.