चाकांवरचा चातुर्मास

चाके असलेले घर विकत घेताना माणूस त्या चाकांवर भुलतो आणि पुढे बराच काळ ती चाके हलू नयेत याच खटपटीत असतो, हे आम्हाला आरव्ही, म्हणजे राहती मोटारगाडी, घेतल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात कळले. निवृत्त झाल्यावर मिनेसोटातल्या घरी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून आम्ही दोघांनी अलास्कापासून फ्लोरिडापर्यंत पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या. त्यांपैकी एकच रेघ खरी ठरली. दरवर्षी नोव्हेंबर सरता सरता आमची गाडी १,३०० मैलांहून अधिक दक्षिणेकडे धावते, टेक्सासच्या किनाऱ्यावर रॉकपोर्ट या गावी एका आरव्ही पार्कात, म्हणजे अशा गाड्यांच्या मुक्कामतळावर, उभी राहते आणि मार्च संपेपर्यंत तिचे चाक तसूभरही फिरत नाही. संन्याशाने आठ महिने हिंडावे आणि पावसाळ्याचे चार महिने एका गावी काढावेत, अशी आपल्याकडची जुनी रीत आहे. आमचा चातुर्मास थंडीतला आणि मायक्रोवेव्हसकट, एवढाच काय तो फरक.

या भागात आमच्यासारख्यांना ‘विंटर टेक्सन’ म्हणतात. मिनेसोटा, आयोवा, विस्कॉन्सिन, मिशिगन आणि थेट कॅनडातून हिवाळ्यापुरते उतरणारे हे बहुतेक निवृत्त लोक. मूळच्या टेक्सासकरांच्या तोंडी या शब्दाला थट्टेची बारीक फोडणी असते, कारण जानेवारीत ६० अंश फॅरनहाइटला सगळे गाव जाकिटे घालून वावरत असताना अर्ध्या चड्डीत फिरणारा माणूस कुठून आला हे कोणाला सांगावे लागत नाही.

जागेवर पोचल्यानंतरचा पहिला तास संसाराची परीक्षा घेणारा असतो. मी गाडी मागे घेत असतो आणि ही मागे उभी राहून हातवारे करीत असते; तिचे ‘या, या’ आणि ‘थांबा, थांबा’ हे दोन्ही हातवारे आरशात एकसारखे दिसतात, हे मी तिला अनेकदा सांगून पाहिले आहे. मग खाली जॅक टेकवून गाडी समतल करायची. त्यासाठी मी गवंड्याची पाणसळ बाळगतो. ही मात्र तव्यावर थेंबभर तेल सोडून ते कोणत्या बाजूला ओघळते ते पाहते आणि तिचाच निकाल अंतिम ठरतो. हा निव्वळ नीटनेटकेपणाचा हट्ट नाही. गॅसवरही चालणारा आमचा जुन्या पद्धतीचा फ्रीज अमोनियाच्या फेऱ्यांवर थंड होतो आणि आतला द्रव उतारानेच परतत असल्यामुळे गाडी कलती राहिली, तर फ्रीज आजारी पडतो. शेवटी बटण दाबले की एक भिंत सावकाश बाहेर सरकते आणि सोफ्यापुढे चालण्यापुरती जागा होते. वर्षातून एकदा आपला दिवाणखाना असा तीन फुटांनी वाढताना पाहण्यात जे समाधान आहे, ते मला पक्क्या घराच्या वाढीव बांधकामातही मिळाले नव्हते.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असे म्हणताना विंचवाच्या सांडपाण्याचा विचार कोणी केलेला नसतो. आमच्या बिऱ्हाडाला वीज, पाणी आणि गटार यांच्या तीन जोडण्या लागतात. सांडपाण्याच्या टाक्या दोन: न्हाणीचे आणि बेसिनचे पाणी ‘करड्या’ टाकीत जाते, शौचालयाचे ‘काळ्या’ टाकीत. नवखा माणूस काळ्या टाकीची झडप उघडी ठेवून निश्चिंत होतो आणि तिथेच फसतो, कारण पातळ भाग वाहून जातो आणि उरलेला आत वाळत बसतो. टाकी दोन-तृतीयांश भरेपर्यंत धीर धरायचा, मग आधी काळे पाणी सोडायचे आणि त्याच्यामागून करडे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते. हे मला पलीकडच्या जागेवरच्या आयोवाच्या शेतकऱ्याने समजावून सांगितले, तेही मी निश्चिंत होऊन तीन आठवडे लोटल्यावर. तेव्हापासून दर चार-पाच दिवसांनी हातमोजे चढवून बाहेर पडताना मी ‘काळ्या पाण्यावर जाऊन येतो’ असे जाहीर करतो आणि ही मान वर न करता ‘सुटून आलात की हात धुवा’ असे म्हणते.

विजेचे गणित त्या मानाने स्वच्छ आहे. आमची जोडणी ३० अँपिअरची आणि दाब १२० व्होल्टचा, म्हणजे सगळे मिळून ३,६०० वॉट. खोली तापवणारा हीटर १,५०० वॉट खातो, पाण्याची किटली साधारण तितकेच, आणि त्यांच्या जोडीला मायक्रोवेव्ह लावला की गाडीत अंधार होतो. त्यामुळे सकाळी आमच्याकडे देवाच्या नावाआधी ‘अहो, हीटर बंद केलात का?’ हे वाक्य ऐकू येते.

शेजार इथे पंधरा फुटांवर असतो. त्याचे काही अलिखित नियम आहेत. दुसऱ्याच्या जागेतून आडवाटेने जायचे नाही. दारापुढे खुर्च्या मांडलेल्या दिसल्या तर थांबून दोन शब्द बोलायचे, मिटलेल्या दिसल्या तर नुसता हात हलवून पुढे व्हायचे. भिंती इतक्या पातळ असल्या की खासगीपणा जपण्याचे काम माणसांनाच करावे लागते, आणि ती ते इतक्या सफाईने करतात की शेजारच्या गाडीतली खोकल्याची ढास रात्रभर ऐकूनही सकाळी कोणी त्याविषयी चकार शब्द काढत नाही. फक्त दुपारपर्यंत दारावर सूपचे भांडे येते.

बुधवारी संध्याकाळी पार्काच्या सभागृहात पोटलक असते, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणून मांडायचा. पहिल्या वर्षी हिने स्टीलच्या डब्यातून बटाटेवडे नेले. ते वीस मिनिटांत संपले आणि त्यांच्याबरोबर डबाही नाहीसा झाला. वड्यांच्या कौतुकाने फुललेली ही डब्याच्या शोकाने कोमेजून परतली, कारण झाकणावर तिच्या आईचे नाव कोरलेले होते. दोन दिवसांनी तो आयोवाच्या बाईंच्या ओट्यावर सापडला. त्यांना वाटले होते की डबा आहेरातच धरलेला आहे.

जेवणानंतर डॉमिनोचे डाव पडतात. त्यांतला ‘फॉर्टी-टू’ हा खास टेक्सासचा खेळ. मला पहिल्यांदा कोणी समजावून सांगू लागले तेव्हा अर्ध्या वाटेवरच मी म्हणालो की हा तर आमचा मेंढीकोट आहे, फक्त पत्त्यांऐवजी सोंगट्या आहेत. चौघे जण, समोरासमोरचे भिडू, प्रत्येकाच्या हाती सात सोंगट्या, बोली लावणारा हुकूम ठरवणार. सात हातांचे सात गुण आणि ज्या पाच सोंगट्यांच्या ठिपक्यांची बेरीज पाच किंवा दहा होते त्यांचे पस्तीस, असे मिळून बेचाळीस. पत्ते पाप समजणाऱ्या सश्रद्ध घरांतल्या मुलांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ काढला, असे इथे सांगतात. ही पळवाट मला फार आवडली. आजीने पत्ते लपवून ठेवल्यावर चिंचोक्यांनी जुगार खेळलेल्या माणसाला ती आवडणारच.

पण या किनाऱ्यावर हिवाळा काढणाऱ्यांत आमच्याहून जुने आणि मानाचे बिऱ्हाडकरू दुसरेच आहेत. गावाच्या उत्तरेला अरॅन्ससचे अभयारण्य आहे, १९३७ मध्ये राखलेले, आणि तिथल्या खाऱ्या दलदलीत व्हूपिंग क्रेन हे क्रौंच कुळातले पक्षी कॅनडातल्या वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानातून सुमारे ४,००० किलोमीटर उडून येतात. शेजारच्या फुल्टन बंदरातून सकाळी त्यांना पाहायला होड्या निघतात. आमच्या पार्कातले आठ-दहा जण दर जानेवारीत एकदा तरी जातोच. थर्मासमध्ये चहा, गळ्यात दुर्बिणी, आणि होडीच्या पुढच्या बाजूची जागा मिळावी म्हणून निवृत्त माणसांना न शोभणारी घाई.

उत्तर अमेरिकेतला हा सर्वांत उंच पक्षी, जवळजवळ पाच फूट. अंग पांढरेशुभ्र, डोक्यावर लाल टिळा, आणि पंखांची काळी टोके अशी की पक्षी उभा असताना ती दिसतच नाहीत आणि उडाला की एकदम उलगडतात. मागच्या जानेवारीत आम्ही एक कुटुंब तास-दीड तास पाहिले. नर, मादी आणि त्यांच्यामध्ये दालचिनीच्या रंगाचे डाग अंगावर असलेले त्या वर्षीचे पिल्लू. आईने, निदान आम्ही तिला आई ठरवले होते, गढूळ पाण्यातून एक निळा खेकडा ओढून काढला, आपटून त्याच्या नांग्या मोडल्या आणि उरलेला पिल्लापुढे टाकला. पिल्लाने तो दोनदा पाडला. होडीतल्या सगळ्या आज्या एकदम ‘अरेरे’ म्हणाल्या. सबंध दुनियेत या जातीचे जेमतेम २१-२२ पक्षी १९४१ च्या सुमारास जंगलात उरले होते, त्यांतले १५-१६ याच दलदलीत हिवाळा काढणारे. ते उन्हाळ्यात नेमके कुठे घरटी करतात हेही तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. १९५४ मध्ये वणव्याच्या कामावरून परतणाऱ्या एका हेलिकॉप्टरमधून ती जागा योगायोगाने दिसली. आज इथे येणाऱ्यांची संख्या पाचशेच्या वर आहे, आणि हे सगळे त्या पंधरा-सोळांचेच वंशज आहेत, हे कळल्यावर पाडलेल्या खेकड्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

मला त्यांच्या आणखी एका सवयीचे अप्रूप वाटते. हे पक्षी थव्याने गर्दी करून राहत नाहीत. प्रत्येक जोडपे दलदलीचा आपला तुकडा धरून असते, वर्षानुवर्षे त्याच तुकड्यावर परतते आणि दुसऱ्याला तिथे टेकू देत नाही. आमच्या पार्कात तेवीस क्रमांकाच्या जागेवर, ओकच्या सावलीत, विस्कॉन्सिनचे एक जोडपे गेली चौदा वर्षे उतरते. एका डिसेंबरात त्यांना यायला उशीर झाला आणि कार्यालयाने ती जागा चार दिवसांसाठी दुसऱ्याला दिली, तर साठ-सत्तर वयाची आम्ही माणसे चारही दिवस त्या परक्या गाडीकडे क्रौंचासारखी मान उंचावून पाहत होतो.

बाकीच्या सहली लहान आहेत. पोर्ट अरॅन्ससला जाताना जहाजांच्या खाडीवर मोटारीसकट तरीत चढायचे. ती फुकट आहे, रात्रंदिवस चालते आणि पलीकडचा तीर दहा मिनिटांच्या आत येतो, पण पाण्यात डॉल्फिनची पाठ दिसली तर पाहुण्यांना घेऊन लगेच उलट फेरी मारण्याचा मोह आवरत नाही. गूस आयलंड उद्यानात एक ओक आहे, लोक त्याला नुसतेच ‘बिग ट्री’ म्हणतात. बुंध्याचा घेर ३५ फूट, वय हजार वर्षांहून अधिक मानलेले. २५ ऑगस्ट २०१७ ला हार्वे हे चक्रीवादळ रॉकपोर्टजवळच जमिनीवर चढले, तेव्हा गावातली कितीतरी घरे गेली आणि आसपासची तरुण झाडे मोडून पडली. हा म्हातारा राहिला. त्याच्या आडव्या फांद्यांना आता खांबांचे टेकू दिले आहेत. आमच्यातल्या गुडघे बदललेल्या मंडळींना त्या टेकूंपाशी उभे राहून फोटो काढायला विशेष आवडते.

उन्हाच्या मोहाने आलेल्या आम्हाला अधूनमधून ‘नॉर्दर’, म्हणजे उत्तरेचा बोचरा वारा, जागेवर आणतो. सकाळी समुद्रावरून दमट आग्नेय वारा वाहत असतो, उत्तरेला आभाळाची कड काळीनिळी दिसते आणि मग वारा फिरतो. तासाभरात पारा वीस-पंचवीस अंश फॅरनहाइटने उतरतो, खाडीचे पाणी वारा समुद्राकडे रेटत नेतो आणि शिंपले उघडे पडतात. त्या रात्री सगळा पार्क कामाला लागतो: बाहेरची पाण्याची नळी काढून आत घेणे, गॅसची टाकी किती भरली आहे ते ठोकून पाहणे, एकट्या राहणाऱ्या आजींच्या गाडीखालचा नळ गुंडाळणे. जुने लोक अशा वेळी फेब्रुवारी २०२१ ची गोष्ट काढतात. त्या वेळी आम्ही इथे नव्हतो. टेक्सासभर वीज गेली होती, आणि थंडीने बधिर होऊन किनाऱ्याला लागलेली हजारो समुद्री कासवे लोक मोटारींच्या मागच्या सीटवर घालून उबेला नेत होते. गोष्ट सांगणारा शेवटी हमखास म्हणतो की तेव्हा गाडीत कासवे होती, पण हीटर चालू नव्हता.

मार्चच्या अखेरीस दलदल रिकामी होऊ लागते आणि आमच्याही गल्लीत जॅक उचलण्याचे आवाज सुरू होतात. निघण्याच्या सकाळी एक विधी असतो. गाडीमागे कोणीतरी उभे राहते आणि आत बसलेला एकेक दिवा लावून पाहतो. मागून ‘डावा’, ‘उजवा’, ‘ब्रेक’ असा पुकारा होतो. आमच्या वेळी मागे ही उभी असते आणि मराठीत पुकारते, आणि हा कार्यक्रम पाहायला मगमध्ये कॉफी घेऊन चार शेजारी येतातच. या वर्षी आयोवाचा शेतकरी तिच्या आधीच ‘उज्जवा’ म्हणून ओरडला, नेमका डावा लागलेला असताना.

दिवे पाहून झाल्यावर त्याच्या बायकोने स्टीलचा डबा पुढे केला, शेवटच्या पोटलकचा, धुऊन पुसून लख्ख, आणि आत मूठभर अक्रोडासारखे पिकान. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे हिने तिला कधीतरी सांगितले असावे. हिने झाकण उघडले, पिकान कागदी पिशवीत काढून घेतले, गाडीतून लिंबाच्या लोणच्याची बरणी आणून ती डब्यात बसवली आणि झाकण लावून डबा पुन्हा तिच्याच हाती दिला.

“आता नको,” ही म्हणाली, “डिसेंबरात द्या.”

मी गाडी चालू केली. आमच्या जागेवर चाकांखालची चार चौकोनी पांढुरकी ठिगळे उघडी पडली होती, आणि तेवीस नंबरवाले आजोबा त्यांच्यावर झारीने पाणी घालायला निघाले होते.