उसाच्या फडावर असताना गरोदरपणाची तपासणी

पाळी चुकली तेव्हा ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेऊन झाली होती, म्हणजे दिवाळीनंतर निघायचंच होतं. गावातल्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई मात्र अडून बसल्या, की १२ आठवड्यांच्या आत नोंद झाल्याशिवाय गाव सोडायचं नाही. त्यांनीच उपकेंद्रात नेलं. वजन, बीपी, लघवी, रक्तगट, एचआयव्ही सगळं तपासलं. हिमोग्लोबिन ९.२ निघालं, गरोदर बाईचं ११ तरी हवं. धनुर्वाताचं पहिलं इंजेक्शन, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणि माता-बाल संरक्षण कार्ड मिळालं. कार्डावर आरसीएच नंबर, म्हणजे गरोदर बाईच्या सरकारी नोंदीचा नंबर होता.

खरी अडचण कोल्हापूरकडे आल्यावर सुरू झाली. सरकारी दवाखान्यात तपासणीला एक रुपया लागत नाही. पण नवरा-बायको मिळून आमचा एक कोयता. तो तोडतो, मी मोळ्या बांधते, मग दोघं गाडी भरतो. मी गेले की त्याचंही काम अडतं आणि मुकादम खाडा लावतो, म्हणजे गैरहजेरीचा दंड, पाचशे रुपये. हे पैसे उचलीत चढतात. म्हणून आमच्यातल्या बायका दुखणं अंगावर काढतात. त्याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो.

तरी गेले. खिडकीवर उत्तर मिळालं, "तुमची नोंद बीडची आहे, तिकडेच दाखवा." तिथूनच आशाताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "हलू नकोस. सिस्टरला आरसीएच नंबर टाकून बघायला सांग, नाव निघतं." निघालं! दुसरं इंजेक्शन झालं, चौथा महिना लागला होता म्हणून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही मिळाल्या. दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टर तपासतात, हेही त्या सिस्टरनेच सांगितलं.

शेजारच्या कोपीतली (झोपडीतली) एकजण सहाव्या महिन्यात होती, तिच्याकडे कार्डच नव्हतं. पुढच्या ९ तारखेला तिला सोबत नेलं आणि तिची नवी नोंद करून घेतली. हिमोग्लोबिन माझ्याहून कमी, ७.८. त्या दिवशी दोघींचाही खाडा लागला.

मुकादमाशी आम्ही बोललो. तो म्हणतो, कारखान्याने सांगितलं तर सोडतो. मग कारखान्यांनीच उचलीच्या करारात लिहून द्यावं, की गरोदर बाई तपासणीला गेली तर त्या कोयत्याला खाडा नाही. महिन्यातून एकच दिवस मागतोय आम्ही.