तुम्ही विचारलंत म्हणून: आधी न्याहारी

"काका, सगळं हातातून गेलं होतं, तेव्हा आशा कुठून आणलीत?" रविवारी चर्चमधली उपासना सुटली की गाडी काढता काढता कुणीतरी हे विचारतंच. विचारणाऱ्याच्या घरात कुणीतरी पीत असतं, हे आता मला चेहऱ्यावरून कळतं.

अशा वेळी लोक पंडिता रमाबाईंचं उदाहरण देतात. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ, 1882 मध्ये नवरा. तरी त्या बाईनं दौंडजवळच्या केडगावात (आमच्या नगरच्या केडगावात नव्हे) शेकडो बायकापोरींना आसरा दिला. खरं सांगू? मला त्यातून कधी धीर आला नाही. त्यांच्यावर संकटं कोसळली होती. माझं घर मीच पाडलं होतं. पोरीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे प्यायलो. बायकोच्या मंगळसूत्रातला सोन्याचा क्रूस मोडला, आणि "कुठेतरी पडला असेल" म्हणत तिच्यासोबत पलंगाखाली बॅटरी मारून शोधलाही. त्या रात्री ती मला म्हणाली, "राहू द्या, तुमची कंबर दुखेल."

असल्या माणसाला "देव सगळं ठीक करील" असं सांगून काय उपयोग?

ईस्टरला आमच्याकडे पहाटेची उपासना कबरस्तानात होते. त्या वर्षी दारू सोडून मला 22 दिवस झाले होते. मी मागे, भिंतीला टेकून उभा. उपासना संपली, पोरांनी कोळशाच्या शेगडीवर चहाचं पातेलं ठेवलं. मी सटकणार तेवढ्यात चर्चचे पाळकसाहेब कप घेऊन आले. हात इतका थरथरत होता की अर्धा चहा बशीत सांडला. मी काहीतरी बोलायला लागलो, तर ते म्हणाले, "आधी पाव खा."

घरी येऊन बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 21वा अध्याय काढला. कोळशाच्या विस्तवासाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, तो नव्या करारात दोनदाच येतो, दोन्हीदा योहानाच्या शुभवर्तमानात. हे आमच्या पाळकांनीच मला नंतर दाखवलं. पहिल्यांदा 18व्या अध्यायात: येशूला धरून नेलेल्या रात्री प्रमुख याजकाच्या अंगणात गारठ्यात त्याचा शिष्य पेत्र विस्तवाजवळ शेकतोय आणि येशूला ओळखतच नाही म्हणतोय. दुसऱ्यांदा 21व्यात: मरणातून उठलेल्या येशूनं समुद्राकाठी विस्तव केलाय, वर मासळी, शेजारी भाकर. पेत्राला तो धुराचा वास ओळखीचा वाटला नसेल? तरी येशू जाब विचारण्याआधी काय म्हणतो, तर या, न्याहारी करा. सोडून मात्र देत नाही. तीनदा नाकारलं, तीनदाच विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का. तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटलं, असं स्पष्ट लिहिलंय. आणि प्रत्येक उत्तरामागे काम देतो: माझी मेंढरं सांभाळ. पेत्र सुधारला की नाही हे बघायला थांबत नाही.

माझी आशा एवढीच आहे. मोडलेलं पूर्वीसारखं होईल, ही नव्हे. जिथं तोंड लपवायची वेळ आली, तिथंच मला बसवून कुणी खाऊ घातलं, मग खरं विचारलं, आणि कामाला लावलं.

नुसत्या प्रार्थनेनं दारू सुटते, असं मी कुणालाही सांगत नाही. डॉक्टरकडे जा. मी एएच्या (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) सभेला आजही जातो, गुरुवारी, न चुकता.

मुलीचं शिक्षण तिच्या मामानं केलं. ती पुण्यात नोकरीला आहे, फोन मम्मीला करते. मंगळसूत्रात क्रूस अजून नाही. मी पैसे जमवले, तर बायको म्हणाली, "घाई नाही."

ईस्टरची शेगडी आता माझ्याकडे असते. पहाटे चारला कोळसे फुंकायला बसतो. यंदा मुलगी आली होती. रांगेत उभी राहिली, माझ्या हातून कप घेतला, एक घोट प्यायली आणि म्हणाली, "पप्पा, आलं जास्त झालंय."